पोकरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकाल: जाहीर झालेला आकडा आणि खेळाडूच्या पदरात पडणारी रक्कम

राजवाडा

आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या समूहात गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे की, एका भारतीयाने अमेरिकेत पत्त्यांच्या एका डावात ४५ कोटी रुपये मिळवले. त्यावर काहींनी अभिनंदनाचे हार घातले, तर काहींनी जुगाराला नावे ठेवली. मात्र मूळ निकाल उघडून पाहण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. पोकरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे निकाल मी बरीच वर्षे आवडीने वाचतो. स्वतः पैसे लावून खेळत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतील.

मजकुरात ज्यांचा उल्लेख आहे ते कर्नाटकातील संतोष सुवर्णा. अमेरिकेत लास वेगासला दरवर्षी होणाऱ्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धामालिकेत २०२४ मध्ये अडीच लाख डॉलर प्रवेशशुल्काची जी ‘सुपर हाय रोलर’ स्पर्धा झाली, तिच्यात ते पहिले आले आणि त्यांना ५४,१५,१५२ डॉलर बक्षीस जाहीर झाले. त्या वेळच्या दराने ही रक्कम ४५ कोटींच्या आसपास जाते, म्हणजे आकडा खरा आहे. ‘एका डावात’ हे मात्र खरे नाही, कारण स्पर्धा काही दिवस चालते आणि तीत शेकडो डाव वाटले जातात. त्याआधी २०२३ मध्ये झेक प्रजासत्ताकातील रोझवाडोव येथे झालेल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर युरोपमध्येही त्यांनी ब्रेसलेट, म्हणजे या मालिकेतील स्पर्धेच्या विजेत्याला मिळणारे मानाचे कडे, जिंकले होते, त्यामुळे हे एका रात्रीचे नशीबही नव्हे.

आता निकालाचा तक्ता पाहू. या स्पर्धेत ७५ नोंदी झाल्या आणि बक्षिसांसाठी १,८६,७५,००० डॉलर जमले. म्हणजे प्रत्येक नोंदीमागे २,४९,००० डॉलर बक्षिसात गेले आणि हजार डॉलर आयोजकांकडे राहिले. येथे ‘नोंदी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. अशा मोठ्या शुल्काच्या स्पर्धांमध्ये बाद झालेल्या खेळाडूला पुन्हा शुल्क भरून बसण्याची मुभा असते, ज्याला री-एन्ट्री म्हणतात, आणि निकालाच्या तक्त्यात एखादा खेळाडू एकदा बसला की तीनदा, हे कोठेही छापलेले नसते. जगभरातील स्पर्धांच्या निकालांची नोंद ठेवणारी ‘हेंडन मॉब’ ही माहितीसूची सर्वांत मोठी मानली जाते. तीही फक्त मिळालेली बक्षिसे जोडत जाते, भरलेले शुल्क वजा करीत नाही. एखाद्याच्या नावापुढे ‘एकूण कमाई एक कोटी डॉलर’ असे दिसले, तर तो माणूस नफ्यात आहे की तोट्यात, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा, म्हणजे जिला ‘मेन इव्हेंट’ म्हणतात ती, यास अपवाद आहे आणि म्हणूनच मला तिचा निकाल वाचायला आवडतो. तिचे शुल्क १९७२ पासून आजतागायत १० हजार डॉलरच आहे, तीत री-एन्ट्री नाही आणि बाद झालेला माणूस त्या वर्षापुरता बाद होतो. २०२५ मध्ये ९,७३५ नोंदी झाल्या. प्रत्येकाच्या शुल्कातून ७ टक्के आयोजकांनी ठेवले, उरलेल्या ९,३०० डॉलरांनी गुणले की बक्षिसांची रक्कम ९,०५,३५,५०० डॉलर येते. आपण कागदावर गुणाकार करून ताळा पाहू शकता. विजेता मायकेल मिझराची यांना एक कोटी डॉलर मिळाले, उपविजेते जॉन वॉसनॉक यांना ६० लाख, आणि शेवटच्या टेबलावर पोहोचलेल्या नऊही जणांना किमान १० लाख. सातवी आलेली स्पेनची लिओ मार्गेट्स ही १९९५ च्या बार्बरा एनराइट यांच्यानंतर या स्पर्धेच्या अंतिम टेबलावर बसलेली पहिली स्त्री. आपल्याकडच्या बातम्यांत याची दखल फारच थोड्या ठिकाणी घेतली गेली.

रामबाग

आपला लेख काळजीपूर्वक वाचला. मी पत्ते म्हणजे रमी आणि झब्बू एवढेच जाणणारा माणूस. आमच्याकडे दिवाळीत रमीचा फड बसतो, तेव्हा उठताना जो तो आपल्या पुढ्यातले मणी मोजून पैसे घेतो. या स्पर्धांत तसे असते का? दहा हजार डॉलर भरून बसलेला माणूस मधेच वीस हजारांच्या चिप्स (खेळातल्या चकत्या) घेऊन उठू शकतो का? आणि नसेल, तर बक्षीस नेमके कशाचे मिळते?

राजवाडा

काका, प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. स्पर्धेतल्या चिप्स या पैसे नव्हेत. मेन इव्हेंटमध्ये १० हजार डॉलर भरणाऱ्यास ६० हजार चिप्स मिळतात आणि त्या कोणत्याही खिडकीवर मोडता येत नाहीत. पुढ्यातल्या चिप्स संपल्या की आपण उठायचे. आपल्यानंतर किती जण उरले, यावर आपला क्रमांक ठरतो आणि क्रमांकावर बक्षीस. तुमच्या फडात बसतात तसा खेळही कॅसिनोत असतो, त्याला कॅश गेम म्हणतात, पण त्याचा निकाल कोठेही जाहीर होत नाही.

साधारण १५ टक्के नोंदींना बक्षीस मिळते. २०२५ मध्ये १,४६१ जणांना मिळाले आणि त्यांतील सर्वांत खालच्यांना १५ हजार डॉलर. म्हणजे ८,२७४ माणसे दहा हजार डॉलर, आपल्या हिशेबाने साडेआठ लाखांच्या घरातली रक्कम, घालवून परतली. बक्षिसाच्या रेषेच्या अलीकडे उरलेला जो टप्पा असतो, त्याला बबल म्हणतात, आणि त्या वेळी खेळ इतका संथ होतो की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. ज्यांच्याकडे चिप्स थोड्या उरल्या आहेत, ते राजा-राणीची जोडीसुद्धा नुसती टाकून देतात, कारण आणखी एक माणूस बाद झाला की त्यांचे १५ हजार पक्के होतात. चिप्सचा मोठा ढीग असलेला खेळाडू नेमकी हीच भीती ओळखून प्रत्येक डावात बोली वाढवीत राहतो. निकालाच्या तक्त्यात हे काही दिसत नाही, पण खालच्या शे-दोनशे जागा कशा ठरल्या हे समजायचे तर हा टप्पा ठाऊक असावा लागतो.

छप्पन

मला एक विसंगती दिसते. २०२३ मध्ये १०,०४३ नोंदी होत्या आणि पहिले बक्षीस १ कोटी २१ लाख डॉलर. २०२४ मध्ये नोंदी वाढून १०,११२ झाल्या, हा आजवरचा उच्चांक, आणि पहिले बक्षीस मात्र एक कोटीवर आले. लोक वाढले आणि बक्षीस २१ लाखांनी घटले, हे कसे?

राजवाडा

विसंगती नाही, वाटपाचे धोरण बदलले. २०२४ मध्ये एकूण रक्कम ९,४०,४१,६०० डॉलर होती, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा सहा लाखांहून अधिक. आयोजकांनी वरच्या टोकाची रक्कम काढून खालच्या जागांना दिली. २०२३ मध्ये नववा आलेला खेळाडू ९ लाख घेऊन गेला होता, २०२४ मध्ये नवव्यास १० लाख मिळाले. मला स्वतःला ही नवी रचना अधिक न्याय्य वाटते. मथळ्यासाठी सव्वाकोटी शोभून दिसते, पण शेवटच्या दोघांमध्ये चिप्सचा उतार-चढाव इतका असतो की पहिल्या आणि दुसऱ्या बक्षिसात मोठी दरी ठेवण्यात खेळाच्या दृष्टीने फारसे तथ्य नाही. २०२४ च्या शेवटच्या डावात उपविजेते जॉर्डन ग्रिफ यांच्या हाती नव्वी-छक्की होती आणि विजेते जोनाथन टमायो यांच्या हाती अठ्ठी-तिर्री. टेबलावर दोघांनाही सामाईक असलेली पहिली तीन पाने उघडली, ती नव्वी, अठ्ठी आणि तिर्री. ग्रिफ यांना वरची जोडी लागली आणि टमायोंना दोन जोड्या. अठ्ठी-तिर्री हे एरवी कोणीही फेकून द्यावे असे हात. त्यावर ४० लाख डॉलरांचा फरक पडला.

संख्याशास्त्र

येथे मी थोडे बोलतो, कारण या अठ्ठी-तिर्रीच्या उदाहरणावरून ‘शेवटी नशीबच’ असा निष्कर्ष कोणी काढील.

एका स्पर्धेच्या निकालात नशिबाचा वाटा फार मोठा असतो, हे मान्य. एखादा खेळाडू सरासरी खेळाडूपेक्षा पाचपट सरस आहे असे धरले, तरी ९,७३५ जणांत त्याने पहिले येण्याची शक्यता दोन हजारांत जेमतेम एक येते. म्हणूनच पूर्वीच्या आणि आताच्या विजेत्यांची तुलना फसवी ठरते. स्टू उंगर १९८०, १९८१ आणि १९९७ असे तीन वेळा जिंकले, हा पराक्रम खरा, परंतु १९८० साली स्पर्धेत ७३ खेळाडू होते आणि १९८१ साली ७५. जॉनी चॅन १९८७ आणि १९८८ असे लागोपाठ जिंकले, तेव्हा दोन्ही वर्षी संख्या दोनशेच्या आत होती. १९९७ नंतर मेन इव्हेंट दुसऱ्यांदा जिंकणारा कोणी झालेला नाही. खेळाडू कमी दर्जाचे झाले म्हणून नव्हे, तर गर्दी शंभरपट वाढली म्हणून.

कौशल्य पाहायचे असेल तर लहान गर्दीच्या आणि कठीण स्पर्धांत तेच नाव पुन्हापुन्हा येते का, हे पाहावे. मिझराची यांचेच उदाहरण घ्या. ५० हजार डॉलर शुल्काची ‘पोकर प्लेयर्स चॅम्पियनशिप’, जिच्यात एक नव्हे तर पोकरचे अनेक प्रकार आलटून पालटून खेळावे लागतात आणि जिच्याकडे व्यावसायिक खेळाडूच फिरकतात, ती त्यांनी २०१०, २०१२, २०१८ आणि २०२५ अशी चार वेळा जिंकली, आणि चौथ्या वेळी त्याच उन्हाळ्यात मेन इव्हेंटही. केवळ नशिबाने असे घडण्याची शक्यता मी विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालायलाही धजणार नाही. फिल हेल्मथ यांची १७ ब्रेसलेट्स आणि फिल आयव्ही यांची ११ यांकडेही याच दृष्टीने पाहावे, मात्र ते किती स्पर्धा खेळले हा भाजक हाताशी नसताना त्या संख्यांवरून क्रमवारी लावू नये.

छप्पन

म्हणजे पहिला क्रमांक नशिबाचा, पण बक्षीस तरी ज्याचे त्याचे असते ना? जिंकला त्याला मिळाले, एवढे तरी निश्चित धरता येईल.

राजवाडा

तेही नाही. लंडनमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये ‘ट्रायटन मिलियन’ ही स्पर्धा झाली. प्रवेशशुल्क १० लाख ५० हजार पौंड, त्यांतील ५० हजार धर्मादाय कामासाठी, आणि खेळाडू ५४. पहिला आला आरॉन झँग आणि त्याला मिळाले १,३७,७९,४९१ पौंड. दुसरा आला ब्रिन केनी आणि त्याला मिळाले १,६८,९०,५०९ पौंड. पहिल्यापेक्षा दुसऱ्याला तीस लाखांहून अधिक! छपाईची चूक नव्हे. दोघेच उरले तेव्हा केनी यांच्याकडे चिप्स पुष्कळ जास्त होत्या, म्हणून त्या प्रमाणात उरलेली रक्कम वाटून घेण्याचे दोघांत ठरले, ज्याला डील म्हणतात, आणि मग नावापुरता खेळ पुढे चालला. विजेतेपद एकाकडे आणि मोठी रक्कम दुसऱ्याकडे गेली. त्या रकमेमुळे केनी जगातील एकूण बक्षिसांच्या यादीत पहिल्या स्थानी पोहोचले.

दुसरे म्हणजे हिस्सेदारी. मोठे शुल्क सहसा कोणी एकटा आपल्या खिशातून भरत नाही. आपला दहा, वीस, पन्नास टक्के हिस्सा खेळाडू आधीच विकून मोकळा होतो, आणि बक्षीस आले की त्या प्रमाणात वाटणी होते. २००६ चे विजेते जेमी गोल्ड यांना १ कोटी २० लाख डॉलर मिळाले, तेव्हा निम्म्या रकमेवर हक्क सांगणारा दावा न्यायालयात दाखल झाला आणि शेवटी तडजोड झाली. निकालाच्या तक्त्यात आजही गोल्ड यांच्यापुढे पूर्ण रक्कमच दिसते. सुवर्णा यांच्या बाबतीत कोणाचा हिस्सा होता की नव्हता, हा सर्वस्वी त्यांचा खासगी मामला आहे. आपण फक्त एवढे म्हणू शकतो की तक्त्यावरून ते ठरवता येत नाही.

आणि कधीकधी निकालच थांबतो. २०२५ च्या उन्हाळ्यात १,५०० डॉलर शुल्काच्या ‘मिलियनेअर मेकर’ या जवळपास १२ हजार नोंदींच्या स्पर्धेत शेवटच्या दोघांपैकी एकाला, तो जिंकल्यास, एका बाहेरच्या कंपनीकडून १० लाख डॉलर जादा मिळणार होते. समोरच्याकडे चिप्सची प्रचंड आघाडी असताना ती विचित्र डावांतून वेगाने ओसरली. चौकशीनंतर आयोजकांनी ब्रेसलेट कोणालाच दिले नाही आणि उरलेली रक्कम दोघांत समान वाटली. माझ्या मते निर्णय योग्य होता, पण कंपनीच्या त्या आमिषाची कल्पना आधीपासून असताना नियम आधी का केला नाही, हा प्रश्न उरतोच.

बडोदेकर

इंदूरकरांच्या धाग्यात बडोद्याहून लिहितो आहे, क्षमा असावी. चर्चा चालली आहे ती ‘पहिले कोण आले’ याची, पण आपल्याकडचा माणूस त्या टेबलापर्यंत पोहोचतो कसा, हेही निकालाचाच भाग नाही का?

२००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीतला हिशेबनीस मेन इव्हेंट जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला, तो इंटरनेटवरच्या शंभर डॉलरांहूनही कमी शुल्काच्या पात्रता-स्पर्धेतून आला होता. त्या वर्षी नोंदी ८३९ होत्या. दुसऱ्याच वर्षी २,५७६ आणि २००६ मध्ये ८,७७३ झाल्या. गर्दी वाढली ती या वाटेने. ती वाट भारतीयांसाठी आता बंद झाली आहे. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाच्या कायद्यास २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पैसे लावून खेळायचा प्रत्येक ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंदीखाली आला. आम्हा गुजरातवासीयांना हा धक्का आधीच बसला होता, कारण डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याचा दावा फेटाळून त्यास जुगार ठरवले. रमीला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आहे. वरील संख्याशास्त्रीय विवेचन तेव्हा न्यायालयापुढे कोणी इतक्या स्वच्छपणे मांडले असते, तर कदाचित निकाल वेगळा लागला असता, असे मला वाटते.

संख्याशास्त्र

कदाचित. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न वेगळा असतो. दीर्घकाळात कौशल्य वरचढ ठरते, हे दाखवणे शक्य आहे; एका संध्याकाळी बसलेल्या माणसाच्या बाबतीत काय वरचढ ठरते, हे विचारले तर उत्तर माझ्या विषयालाही अडचणीचे आहे.

रामबाग

आमच्या नात्यातला एक मुलगा गोव्याच्या कॅसिनोत स्पर्धा खेळायला जातो आणि पुढे लास वेगासला जाण्याच्या गोष्टी करतो. २०१८ मध्ये निकिता लूथर यांनी जोडीदारासह खेळायच्या स्पर्धेत ब्रेसलेट जिंकले, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, हेही त्यानेच मला सांगितले. मी त्याला अडवत नाही. फक्त जिंकलाच तर हातात किती येईल, एवढे कोणी जाणकाराने सांगावे.

करसल्लागार

काका, सांगतो. अमेरिकेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसावर सर्वसाधारणपणे ३० टक्के कर जागेवरच कापला जातो. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा काही देशांच्या रहिवाशांना करारानुसार यातून सूट आहे. भारताचा अमेरिकेशी करार असला तरी जुगारातील मिळकतीला त्यात सूट नाही. म्हणजे एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या जर्मन आणि भारतीय खेळाडूला तक्त्यात सारखेच बक्षीस दिसले, तरी खिडकीवर मिळणारी रक्कम सारखी नसते.

आता इकडचे. भारताच्या रहिवाशाला जगभरातील उत्पन्न येथे दाखवावे लागते. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर प्राप्तिकर कायद्यानुसार सरसकट ३० टक्के कर, त्यावर अधिभार व उपकर. कळीची बाब अशी की, या उत्पन्नातून खर्चाची वजावट मिळत नाही आणि हरलेल्या स्पर्धांचा तोटा यात वळता करता येत नाही. समजा त्या मुलाने वर्षभरात दहा स्पर्धांत शुल्क भरले, नवांत बाद झाला आणि एकीत बक्षीस मिळाले. प्रत्यक्षात तो तोट्यात असेल, तरी कर त्या एका बक्षिसावर लागेल. विमानाचे तिकीट, लास वेगासमधील मुक्काम, विकलेला हिस्सा यांचा विचार तर आणखी पुढचा. मेन इव्हेंटचे सर्वांत खालचे १५ हजार डॉलरांचे बक्षीस मिळवूनही भारतीय खेळाडू बहुधा घाट्यातच परततो.

अमेरिकेत कापलेल्या कराचे श्रेय येथे मिळू शकते, म्हणजे दोनदा पूर्ण कर भरावा लागत नाही. त्यासाठी कॅसिनोकडून १०४२-एस हा दाखला घ्यावा लागतो आणि येथे त्यासाठी ठरलेला फॉर्म भरावा लागतो. दाखला मागितला नाही तर कटलेला कर सिद्ध करताना पुढे फार यातायात होते. हिस्से विकले असतील तर ते स्पर्धेपूर्वी लेखी ठेवावेत आणि पैसे बँकेमार्फत घ्यावेत, कारण संपूर्ण बक्षीस दाखल्यावर एकाच्याच नावे येते आणि वाटून दिलेली रक्कम आपली नव्हती, हे नंतर त्यालाच पटवून द्यावे लागते. त्याला एकदा माझ्याकडे पाठवा. येताना गोव्यातल्या स्पर्धांच्या पावत्या, हरलेल्यांच्यासुद्धा, बरोबर आणायला सांगा.